कुंडलिकेकाठची कोकणी

रोह्यावरून वाहणारी कुंडलिका रेवदंडा आणि कोर्लई यांच्या मधून समुद्रास मिळते. कोर्लईच्या कॅथलिक बांधवांची पोर्तुगीज वळणाची बोली आपणांस ठाऊक आहे. परदेशी अभ्यासकांनीही तिची दखल घेतली आहे. परंतु त्याच नदीच्या वरच्या अंगाला रोह्यात, तसेच उत्तरेस पेणमध्ये, कोकणी मुसलमानांच्या घरांत नांदणाऱ्या बोलीकडे फारसे कोणाचे लक्ष जात नाही. मुसलमान म्हटला की त्याची मातृभाषा उर्दू, असे आपण सहज गृहीत धरतो. इतिहास मात्र निराळे सांगतो.

अरब प्रवासी अल्-मसूदी इ. स. 916 च्या सुमारास चौल बंदरी आला. तेथे सुमारे दहा हजार मुसलमान राहत असल्याचे त्याने नमूद केले आहे. सिराफ, ओमान, बसरा, बगदाद येथून आलेल्या व्यापाऱ्यांबरोबरच याच भूमीत जन्मलेली त्यांची संततीही त्यांत होती. दिल्लीत सुलतानांची सत्ता येण्यास तेव्हा जवळजवळ तीन शतकांचा अवधी होता. साहजिकच या समाजाची घरची भाषा येथल्या मातीचीच झाली; मराठी-कोकणी कुळातील, अरबी-फारसी शब्द सामावून घेणारी.

केरळातील माप्पिळा मुसलमानांची कथाही अशीच. तेही अरबी व्यापाराच्या आश्रयाने वाढले, तेही शाफई परंपरेचे आणि त्यांची बोली मलयाळमचीच. परंतु त्यांनी अरबी लिपीत मलयाळम लिहिले. 1607 साली काझी मुहम्मद यांनी ‘मुहियुद्दीन माला’ हे काव्य रचले. विसाव्या शतकात वैकम मुहम्मद बशीर यांनी मुस्लिम घरांतील बोलणे कथा-कादंबरीत आणले आणि साऱ्या केरळाने ते आपले मानले. कोकणात मात्र अनेक कुटुंबांनी शिक्षणासाठी उर्दूची कास धरली; घरची बोली बहुतांशी उंबऱ्याआतच राहिली.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून कोकणातील अनेक मुसलमान दक्षिण आफ्रिकेत केप टाऊनला जाऊन स्थायिक झाले. तेथेही त्यांची ओळख ‘कोकणी’ हीच राहिली. धर्माने नव्हे, तर भूमीने आणि बोलीने दिलेले हे नाव आहे.

आपणां ख्रिस्ती मराठी भाषिकांना हे समजणे कठीण नाही. फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ 1616 साली छापले गेले, तरी ख्रिस्ती माणसाची भाषा इंग्रजी किंवा पोर्तुगीजच असणार, असे मानणारे आजही भेटतात. जी गैरसमजूत आपणांस बोचते, ती शेजाऱ्याविषयी आपण बाळगू नये. पेण-रोह्याच्या वृद्ध स्त्रियांच्या तोंडची लग्नगीते, म्हणी आणि गोष्टी त्यांच्याच शब्दांत लिहून ठेवणे, मग लिपी देवनागरी असो वा उर्दू, हे काम त्या आपल्यांत आहेत तोवरच होऊ शकेल.