ऑल्टर्ड डॉमिनंट
* जॅझमधला सर्वांत ताणलेला कॉर्ड. हा ताण ‘सा’च्या कॉर्डवर आल्यावर सुटतो. सी हा षड्ज धरला, तर त्याचा डॉमिनंट कॉर्ड जी-सेव्हन; त्याचे स्वर प, शुद्ध नी, शुद्ध रे आणि शुद्ध म. आता जीपासूनचा पाचवा (रे) आणि नववा (ध) अर्ध्या सुराने खाली किंवा वर सरकवा. हाती येतात कोमल रे, ग, ध, नी, म्हणजे भैरवीचे चारही कोमल. म्हणून वणीत भजनाच्या पेटीवर भैरवी वाजवलेल्या मुलाने स्केलचे तक्ते घोकण्याआधी हे स्वर गाऊन पाहावेत, असे आम्हाला मनापासून वाटते. मुंबईत जन्मलेले गोमंतकीय वंशाचे गिटारवादक अमान्सिओ डिसिल्वा यांनी जॅझ आणि राग एकाच गिटारवर आणले. त्यांची ‘हम दोनो’ (१९६९) ही ध्वनिमुद्रिका जरूर ऐकावी.

गिटारवर या कॉर्डसाठी हाताची जागा : सहावी आणि चौथी तार तिसऱ्या पडद्यावर, पाचवी मुकी, उरलेल्या तिन्ही चौथ्या पडद्यावर. लगेच सी-मेजर-नाइन घ्यावा : चौथ्या तारेवर म उतरून ग होतो, पहिलीवर कोमल ध उतरून प, तिसरीवरचा शुद्ध नी जागचा हलत नाही.