साल्सा रोहा

साल्सा रोहा (अर्थ: लाल सॉस) हा टोमॅटो व लाल मिरची यांपासून तयार होणारा, मेक्सिकोच्या खाद्यसंस्कृतीतील एक मूलभूत सॉस होय. तो ताको, एन्चिलादा, अंड्यांचे पदार्थ इत्यादींसोबत वापरतात. त्याच्या सौम्य घरगुती प्रकारात मिरचीचा रंग व स्वाद राखून तिखटपणा कमी ठेवला जातो.

इतिहास
'साल्सा' हा शब्द स्पॅनिश असला, तरी 'टोमॅटो' आणि 'चिली' या शब्दांचे मूळ नावात्ल भाषेत आहे. बर्नार्दिनो दे साहागुन याने सोळाव्या शतकात सिद्ध केलेल्या फ्लोरेंटाइन कोडेक्स या ग्रंथात बाजारात विकल्या जाणाऱ्या मिरची-टोमॅटोच्या सॉसचे उल्लेख आढळतात. वाटण्यासाठी मोल्काहेते हा बेसाल्ट दगडाचा तीन पायांचा खल परंपरेने वापरला जातो.

तिखटपणा
मिरचीचा तिखटपणा कॅप्सेसिन व तत्सम द्रव्यांमुळे येतो. ही द्रव्ये मुख्यतः बियांत नसून, बिया ज्यांना चिकटलेल्या असतात त्या पांढऱ्या शिरांत असतात. म्हणून सौम्य सॉससाठी केवळ बिया झटकून भागत नाही. शिराही काढाव्या लागतात. वाळवलेल्या मिरच्यांपैकी आंचो व ग्वाहियो या तुलनेने सौम्य, तर चिले दे आर्बोल ही बरीच तिखट असते.

कृती
साधारण ५०० ग्रॅम पिकलेले टोमॅटो, कांद्याचा चतकोर व लसणाच्या २ पाकळ्या तव्यावर काळे डाग पडेपर्यंत भाजतात. बिया व शिरा काढलेल्या ३ ग्वाहियो मिरच्या काही सेकंदच शेकतात. त्या करपल्यास सॉस कडू होतो. नंतर त्या १५ ते २० मिनिटे गरम पाण्यात भिजवून सर्व जिन्नस मिठासह वाटतात. हे वाटण थोड्या तेलात ८ ते १० मिनिटे, दाट होऊन रंग गडद होईपर्यंत शिजवतात.

साठवण
ताजा सॉस शीतकपाटात ठेवून काही दिवसांत संपवावा; अधिक काळासाठी तो गोठवता येतो. टोमॅटोचा सामू ४.६ च्या आसपास असतो. मिरची, कांदा व लसूण मात्र कमी आम्ल असल्याने मिश्रणाचा सामू वाढू शकतो. सामू ४.६ पेक्षा अधिक असल्यास हवाबंद बाटलीत क्लोस्ट्रिडियम बोट्युलिनम हा जिवाणू वाढून प्राणघातक विष तयार होऊ शकते. हे विष वासावरून वा चवीवरून ओळखता येईलच असे नाही. त्यामुळे हवाबंद साठवणीसाठी लिंबाचा रस अथवा व्हिनेगर यांचे प्रमाण निश्चित केलेली, तपासून सिद्ध झालेली कृतीच वापरावी. त्या कृतीतील आम्ल कमी करू नये, तसेच मिरची-कांद्याचे प्रमाण वाढवू नये.