करार, कंत्राट आणि आपला वॉचमन

स्मरणिकेसाठी बँकेतल्या माणसाने हिशेबच लिहावा, अशी अपेक्षा असणार. हिशेबच लिहितो, पण कामगारांच्या कराराचा.

देवळाली प्रवराच्या माणसाला साखर कारखाना म्हणजे काय, हे सांगायला नको. राज्यातल्या साखर कामगारांचे वेतन त्रिपक्षीय समितीत ठरत आले. सरकार, कारखान्यांचे प्रतिनिधी आणि कामगार संघटना एका टेबलाशी बसत. बँकांमध्ये 1966 साली पहिला द्विपक्षीय करार झाला. एकटा कारकून साहेबाशी काय घासाघीस करणार? ती संघटना करायची. म्हणून तर कायम कामगाराचे पगारपत्रक पाहून आम्ही घरकर्ज निर्धास्त मंजूर करत असू.

जुलै 1991 मध्ये नवे औद्योगिक धोरण आले. 1998 मध्ये साखर कारखान्यांची परवाना पद्धत गेली, खासगी कारखान्यांशी स्पर्धा वाढली. 2000-01 मध्ये सरकारी बँकांतून सुमारे लाखभर लोक स्वेच्छानिवृत्ती घेऊन बाहेर पडले. करार काही रद्द झाले नाहीत हं! टेबल तेच राहिले. पण कराराखाली येणारी माणसे घटत गेली. पहारा, साफसफाई अशी कामे कंत्राटदाराकडे गेली. 2001 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की एखाद्या कामातली कंत्राटी पद्धत सरकारने बंद केली, तरी केवळ तेवढ्याने कामगार मूळ मालकाकडे कायम होत नाही.

त्याच वर्षी आपली सोसायटी उभी राहिली.

21 नोव्हेंबर 2025 पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्या. कपातीसाठी किंवा कारखाना बंद करण्यासाठी सरकारची परवानगी लागण्याची मर्यादा 100 कामगारांवरून 300 वर गेली. संपापूर्वी 14 दिवसांची नोटीस आता सगळ्याच उद्योगांत लागते. मात्र किमान वेतनाचा हक्क सर्व कामगारांना मिळाला, ही जमेची बाजू.

आता घरचा हिशेब. आपला वॉचमन आणि सफाई करणाऱ्या ताई कंत्राटदाराच्या. आपण तीन कोटेशन मागवतो आणि सर्वांत कमी दराचे घेतो. कराराच्या पगारावर ज्याचा संसार उभा राहिला, त्या मीही तेव्हा हात वर केला होता. त्यांच्या बाजूने बोलायला टेबलाशी कोणी नव्हते.

म्हणून एक सूचना. पुढच्या वेळी कोटेशन उघडताना एवढेच विचारू या: यातले त्यांच्या हातात किती पडतात? देखभाल खर्च थोडा वाढेल. मी माझा वाटा देईन.