बाटलीचे दूध आणि आईवरचा आरोप

वस्त्यांमध्ये काम करताना एक वाक्य आम्हाला नेहमी ऐकावे लागते: "या बायका अडाणी, अंगावर पाजायचं सोडून बाटली देतात." इतिहास मात्र वेगळाच आरोपी दाखवतो.

1939 साली सिंगापूरच्या रोटरी क्लबपुढे डॉ. सिसिली विल्यम्स यांनी भाषण केले. शीर्षक होते 'मिल्क अँड मर्डर'. साखर घातलेले डब्यातले दूध तान्ह्या बाळांसाठी उत्तम म्हणून खपवणे, याला त्यांनी सरळ खून म्हटले. तरी धंदा वाढतच गेला. आफ्रिका-आशियातल्या दवाखान्यांत कंपन्यांनी नर्सच्या वेषातल्या विक्रेत्या पाठवल्या, पावडरीचे फुकट नमुने वाटले. बाळ पीत नसेल तर आईचे दूध आटते. फुकटचा डबा संपला की विकत घेण्यावाचून गत्यंतर नाही. महाग पावडर पुरवायची म्हणून ती पातळ करायची. त्यात पाणी गढूळ, बाटली उकळायला सरपण नाही. मग जुलाब, कुपोषण, मृत्यू. आईच्या दुधातून मिळणारी प्रतिकारशक्ती तर डब्यात नसतेच. (वैद्यकीय कारणाने डॉक्टरांनी पावडर दिली, तर त्याला आमचा विरोध नाही.)

1974 मध्ये ब्रिटनच्या 'वॉर ऑन वॉन्ट'ने 'द बेबी किलर' ही पुस्तिका काढली. स्वित्झर्लंडच्या कार्यकर्त्यांनी जर्मन आवृत्तीचे नावच 'नेस्ले बाळांना मारते' असे ठेवले. कंपनी कोर्टात गेली. 1976 मध्ये कार्यकर्त्यांना किरकोळ दंड झाला, पण जाहिरातीची पद्धत बदला, असे न्यायाधीशांनी कंपनीलाही सुनावले. 1977 मध्ये अमेरिकेत बहिष्कार सुरू झाला. 1981 मध्ये जागतिक आरोग्य सभेने विक्रीवर बंधने घालणारी संहिता 118 विरुद्ध 1 मतांनी मंजूर केली. ते एक मत अमेरिकेचे! भारताने 1992 मध्ये कायदा करून जाहिराती आणि फुकट नमुने बंद केले.

पण बाळाला पाजायला आई जवळ हवी ना? 1928 मध्ये मुंबई कायदेमंडळात बाळंतपणाच्या रजेच्या विधेयकाला पाठिंबा देताना बाबासाहेबांनी, बाईच्या श्रमावर नफा कमावणाऱ्या मालकानेही हा भार उचलावा, अशी भूमिका मांडली. 1929 मध्ये कायदा झाला, तो कारखान्यांतल्या बायांसाठी. आज कागदावर 26 आठवडे भरपगारी रजा आहे. ऊसतोडीला, वीटभट्टीला, धुणीभांड्याला जाणारी बाई मात्र अंग सावरायच्या आतच कामावर असते, आणि बाळ मोठ्या बहिणीच्या कडेवर, तोंडात बाटली.