जुनेपणाचे मोल : बारोलो वाईन आणि प्रतीक्षेचा सामाजिक इतिहास

प्रस्तावना

इटलीच्या एकीकरणाचा इतिहास महाराष्ट्रातील इतिहासाच्या अध्यापकांना नवा नाही. सावरकरांनी १९०७ मध्ये जोसेफ मॅझिनीचे चरित्र व विचार मराठीत आणले आणि त्याआधीपासूनच मॅझिनी, गॅरिबाल्डी व काव्हूर ही नावे मराठी वाचकांच्या परिचयाची होती. यांपैकी काव्हूर आपल्यासमोर येतो तो मुत्सद्दी म्हणून. परंतु याच काव्हूरने १८३२ ते १८४९ अशी सतरा वर्षे पिडमाँटमधील ग्रिन्झाने या लहानशा गावाचे नगरप्रमुखपद सांभाळले होते आणि तेथील कुटुंबाच्या द्राक्षबागा सुधारण्याकडे त्याने जातीने लक्ष दिले होते, ही बाब क्वचितच सांगितली जाते. ग्रिन्झाने ज्या टेकड्यांच्या प्रदेशात आहे, त्या लांगे प्रदेशातच 'बारोलो' ही लाल वाईन तयार होते. वर्षानुवर्षे मुरवून पिण्याच्या इटालियन वाईनींमध्ये तिचे स्थान अग्रभागी आहे. 'राजांची वाईन आणि वाईनींचा राजा' असे तिचे वर्णन केले जाते.

प्रस्तुत लेखक इतिहासाचा अध्यापक आहे, वाईनचा जाणकार नाही. मद्यपानाचा पुरस्कार करणे हाही या निबंधाचा हेतू नाही. येथे विचारलेला प्रश्न इतिहासाचा आहे. ज्या वस्तूचे सारे मोल तिच्या जुनेपणात आहे, त्या वस्तूसाठी नेमके कोण थांबले, आणि कोणाला थांबणे परवडले नाही? या प्रश्नाच्या अनुषंगाने बारोलोचा स्वभाव, तिच्याभोवती गुंफलेल्या आख्यायिका आणि तिच्या निर्मितीमागील सामाजिक संबंध यांचा विचार पुढे केला आहे.

वाईनचा स्वभाव

बारोलो ही केवळ नेब्बिओलो या एकाच जातीच्या द्राक्षापासून बनविली जाते. तुरिन शहराच्या आग्नेयेस, आल्बा या गावाजवळच्या अकरा गावांच्या हद्दीत तिचे उत्पादन होते. बारोलो, ला मोर्रा, कास्तिल्योने फाल्लेत्तो, सेर्रालुंगा आणि मोन्फोर्ते ही त्यांतील प्रमुख गावे. नेब्बिओलोची परंपरा जुनी आहे. तेराव्या शतकातील कागदपत्रांत या द्राक्षाचा उल्लेख सापडतो, तर ला मोर्रा गावाच्या १४३१ च्या नियमावलीत या वेलींची नासधूस करणाऱ्यास शिक्षा सांगितली आहे. या द्राक्षाला मोहोर लवकर येतो आणि फळ उशिरा, ऑक्टोबरमध्ये पक्व होते. तेव्हा टेकड्यांवर धुके उतरू लागलेले असते. इटालियन भाषेत धुक्याला 'नेब्बिया' म्हणतात, व द्राक्षाच्या नावाचा संबंध सामान्यतः त्याच्याशीच जोडला जातो.

या द्राक्षाचा स्वभाव विरोधाभासाचा आहे. त्याच्या वाईनचा रंग फिकट असतो, परंतु तिच्यात आम्लता व टॅनिन ही तुरट द्रव्ये भरपूर असतात. त्यामुळे नवी बारोलो पिणाऱ्याची जीभ आवळून धरते. वर्षे लोटतात तसे टॅनिनचे कण एकमेकांशी जोडले जाऊन मोठे होतात, त्यांतील काही गाळाच्या रूपाने बाटलीच्या तळाशी बसतात आणि तुरटपणा मवाळ होतो. डाळिंबी रंग विटकरी छटेकडे झुकतो. ताज्या फळाचा वास मागे पडून सुकलेला गुलाब, डांबर, ज्येष्ठमध, चामडे आणि ओली माती यांची आठवण देणारे गंध पुढे येतात. ला मोर्रा व बारोलो या गावांकडची वाईन तुलनेने लवकर मवाळ होते, सेर्रालुंगा व मोन्फोर्तेकडची अधिक काळ ताठर राहते, असे जाणकार सांगतात. जुन्या बारोलोचे आकर्षण आहे ते या संथ परिवर्तनात.

म्हणजेच, बारोलोच्या बाबतीत प्रतीक्षा ही चैन नसून द्राक्षाच्या प्रकृतीतून आलेली गरज आहे. आज या गरजेला कायद्याचे रूप मिळाले आहे. काढणीच्या वर्षाच्या १ नोव्हेंबरपासून किमान ३८ महिने, त्यांपैकी किमान १८ महिने लाकडी पिंपात, वाईन मुरवावी लागते. 'रिझेर्वा' म्हणून विकायची असल्यास ६२ महिने. म्हणजे २०२० च्या शरद ऋतूत तोडलेल्या द्राक्षांची वाईन १ जानेवारी २०२४ पूर्वी बारोलो म्हणून बाजारात आणता येत नव्हती. तेवढा काळ भांडवल तळघरात अडकून पडते. बारोलोच्या सामाजिक इतिहासाचा पाया येथेच आहे.

आख्यायिका आणि अभिलेख

द्राक्ष प्राचीन असले तरी आज आपण जिला बारोलो म्हणतो ती वाईन प्राचीन नाही. अमेरिकेचे फ्रान्समधील तत्कालीन राजदूत थॉमस जेफरसन १७८७ मध्ये तुरिन येथे आले असता त्यांनी नेब्बिओलोची वाईन चाखली व तिची नोंद केली. त्या नोंदीतील वाईन काहीशी गोड, काहीशी तुरट आणि फेसाळ होती. असे का होत असावे याचा उलगडा हवामानावरून होतो. द्राक्षे उशिरा पिकत. रस आंबू लागेपर्यंत थंडी पडे आणि थंड तळघरात आंबण्याची क्रिया अर्धवट थांबे. उरलेली साखर वाईनला गोडी देई, व क्रिया पुढे पुन्हा सुरू झाली की फेस येई. अशी वाईन टिकत नसे आणि दूरच्या बाजारपेठेतही पोहोचत नसे.

हा बदल एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात झाला. प्रचलित कथेनुसार त्याचे श्रेय दोन फ्रेंच व्यक्तींना दिले जाते. पहिली व्यक्ती म्हणजे बारोलोची मार्केझा ज्युलिया फाल्लेत्ती. मूळची फ्रान्समधील कोलबेर घराण्यातील ही स्त्री १८०६ मध्ये तांक्रेदी फाल्लेत्ती याच्याशी विवाह करून पिडमाँटच्या उमराव वर्गात आली. दुसरी व्यक्ती लुई ऊदार हा वाईन व्यापारी. त्याने फ्रेंच पद्धतीने साखर पूर्ण आंबवून कोरडी व टिकाऊ बारोलो घडविली, असे अनेक पुस्तकांत सांगितले गेले. अभिलेखांवर आधारलेल्या अलीकडच्या संशोधनाने या कथेला छेद दिला आहे. जेनोआच्या पाओलो फ्रान्चेस्को स्ताल्येनो या सेनाधिकाऱ्याने १८३५ मध्ये वाईन बनविण्याची व टिकविण्याची पद्धत सांगणारी पुस्तिका प्रसिद्ध केली होती, आणि १८३६ ते १८४१ या काळात ग्रिन्झाने येथे काव्हूरच्या तळघराची व्यवस्था त्याच्याकडे होती. बंद पात्रात रस पूर्ण आंबविण्याचा आग्रह त्याचाच. 'परकीय तज्ज्ञाने येऊन मागासांना शिकविले' ही कथा येथेही स्थानिक प्रयत्नांवर मात करून रूढ झाली. वसाहतकालीन इतिहासाच्या अभ्यासकांना हा अनुभव अपरिचित नसावा.

राजदरबाराशी जोडलेली आख्यायिका त्याहून प्रसिद्ध आहे. राजा चार्ल्स अल्बर्टने ज्युलियाजवळ तिच्या वाईनची चौकशी केली असता तिने उपवासाचे चाळीस दिवस वगळून वर्षाच्या प्रत्येक दिवसासाठी एक, अशी ३२५ पिंपे तुरिनला पाठविली, असे सांगतात. ही कथा आख्यायिका म्हणूनच घ्यावयास हवी. मात्र राजघराण्याचा या व्यवसायातील रस वास्तव होता. चार्ल्स अल्बर्टने १८३८ मध्ये व्हेर्दुनोचा किल्ला व त्याची जमीन विकत घेतली. व्हिक्टर इमॅन्युएल दुसऱ्याने सेर्रालुंगा येथील फोंतानाफ्रेद्दाची जमीन मिळविली, आणि त्याच्या मुलाने १८७८ मध्ये तेथे वाईनचा व्यवसाय उभा केला.

ज्युलियाचे ऐतिहासिक महत्त्व केवळ वाईनपुरते नाही. तुरिनच्या कारागृहांतील स्त्री-कैद्यांसाठी तिने केलेले कार्य मोठे आहे. ऑस्ट्रियाच्या कैदेतून सुटलेला लेखक सिल्व्हिओ पेल्लिको याला तिने व तिच्या पतीने आश्रय दिला. १८६४ मध्ये ती निपुत्रिक वारली आणि संपत्ती धर्मादाय संस्थेकडे गेली. तरीही एक गोष्ट स्पष्ट दिसते. उमराव स्त्री, मुत्सद्दी, राजा ही सारी माणसे थांबू शकणारी होती. पिंपे, तळघर आणि तीन-चार वर्षे विक्रीविना निभावण्याची ऐपत त्यांच्याकडे होती.

ज्यांना थांबता आले नाही

टेकड्यांवर प्रत्यक्ष राबणाऱ्या कुटुंबांची स्थिती निराळी होती. जमिनीचे तुकडे लहान. त्यांवर द्राक्षाबरोबर गहू, फळझाडे आणि एखाददुसरे जनावर. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत बहुसंख्य शेतकरी वाईन मुरवत नसत, द्राक्षेच विकत. शरद ऋतूत गाड्या भरून आल्बाच्या बाजारात न्यायच्या आणि दलालाने सांगितलेला भाव घ्यायचा, असा क्रम होता. तोडलेले द्राक्ष चार दिवसही थांबत नाही; म्हणून संध्याकाळ जवळ येऊ लागली की भाव खाली येई. मोठ्या पेढ्या निरनिराळ्या गावांची द्राक्षे एकत्र करीत. बाटलीवर नाव पेढीचे असे. टेकडीचे नाही आणि शेतकऱ्याचे तर नाहीच.

या दारिद्र्याची साक्ष साहित्यात व मौखिक इतिहासात उपलब्ध आहे. आल्बाचे लेखक बेप्पे फेनोल्यो यांच्या १९५४ च्या 'ला मालोरा' या कादंबरिकेत पोटासाठी दुसऱ्याच्या शेतावर राबायला धाडलेल्या मुलाची कहाणी येते. नूतो रेव्हेल्ली यांनी कूनेओ प्रांतातील शेतकऱ्यांच्या तोंडून त्यांचे जीवन नोंदवून १९७७ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले. त्या ग्रंथाच्या शीर्षकाचा अर्थ 'पराभूतांचे जग' असा आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर तरुण पिढी तुरिनच्या मोटार कारखान्यांत आणि आल्बाच्या चॉकलेट कारखान्यात निघून गेली. ज्या टेकड्यांची वाईन राजाच्या नावाने ओळखली जात होती, त्या टेकड्या ओस पडू लागल्या होत्या.

या परिस्थितीवर एक उत्तर सहकाराचे होते. शेजारच्या बार्बारेस्को गावात आल्बाच्या वाईनविद्यालयाचे संचालक दोमित्सिओ काव्हात्सा यांनी १८९४ मध्येच शेतकऱ्यांना एकत्र आणले होते. ती संस्था फॅसिस्ट काळात बंद पडली. १९५८ मध्ये तेथील धर्मगुरूंच्या पुढाकाराने ती नव्याने उभी राहिली. त्याच वर्षी कास्तिल्योने फाल्लेत्तो येथे शिक्षक व नगरप्रमुख असलेल्या आर्नाल्दो रिव्हेरा यांनी 'तेर्रे देल बारोलो' ही सहकारी संस्था स्थापन केली. एकट्या शेतकऱ्याला न परवडणारी प्रतीक्षा अनेकांनी मिळून परवडती करून घेणे, असा या सहकाराचा अर्थ होता. दुसरे उत्तर स्वतःच बाटली भरण्याचे होते. १९६० च्या दशकापासून लहान उत्पादक स्वतःच्या नावाने वाईन विकू लागले आणि एकेका टेकडीचे नाव बाटलीवर येऊ लागले. १९६६ मध्ये बारोलोला शासकीय नियंत्रित नामाभिधान मिळाले व १९८० मध्ये त्याची सर्वोच्च श्रेणी प्राप्त झाली.

पिता-पुत्रांचा वाद

यानंतरचा संघर्ष 'बारोलोचे युद्ध' या नावाने ओळखला जातो. जुन्या पद्धतीत द्राक्षाची साल महिना-दोन महिने रसात ठेवून वाईन काही हजार लिटरच्या जुन्या ओकच्या पिंपांत वर्षानुवर्षे मुरवीत. नव्या पिढीने हा काळ काही दिवसांवर आणला आणि २२५ लिटरची नवी फ्रेंच पिंपे वापरली. वाईन लवकर मवाळ होऊ लागली, पण तिला नव्या लाकडाचा गंधही येऊ लागला. ला मोर्राचे एलिओ आल्तारे यांनी १९७६ मध्ये फ्रान्समधील बर्गंडीचा दौरा केला. तेथील लहान शेतकऱ्याची सुबत्ता पाहून आलेल्या या तरुणाने १९८३ मध्ये वडिलांची जुनी पिंपे यांत्रिक करवतीने कापून काढली. वडिलांनी त्यांना वारसाहक्कातून वगळले. दुसऱ्या बाजूस बार्तोलो मास्कारेल्लो यांच्यासारखे परंपरानिष्ठ उत्पादक लहान पिंपांना अखेरपर्यंत विरोध करीत राहिले.

वरवर पाहता हा चवीचा वाद वाटतो. परंतु मुलांच्या पिढीने दारिद्र्य पाहिले होते आणि वडिलांच्या प्रतीक्षेतून घर चालले नव्हते, हे लक्षात घेतले म्हणजे करवतीचा अर्थ बदलतो. १९८६ मध्ये याच प्रांतातील एका व्यापाऱ्याच्या स्वस्त वाईनमध्ये विषारी मिथेनॉल मिसळल्याचे उघड झाले. कित्येकांचे प्राण गेले, काहींची दृष्टी गेली, आणि इटालियन वाईनवरील विश्वासच डळमळला. त्यानंतर कमी उत्पादन, स्वच्छता आणि उत्पादकाचे स्वतःचे नाव यांना जे महत्त्व आले, त्यात दोन्ही पक्षांचा वाटा आहे. पुढे अनेक नवमतवादी मोठ्या पिंपांकडे परतले आणि परंपरावाद्यांनी तळघरे स्वच्छ केली. वाद कोणा एकाच्या विजयाने संपला नाही.

समारोप

२०१४ मध्ये लांगे, रोएरो व मोन्फेर्रातो येथील द्राक्षबागांच्या भूदृश्याचा युनेस्कोने जागतिक वारशात समावेश केला. नामांकित उतारांवरील एका हेक्टरची किंमत आता लक्षावधी युरोंमध्ये मोजली जाते. ज्यांच्या आजोबांना थांबता आले नाही, त्यांच्यापैकी काहींचे नातू आज थांबू शकतात. मात्र बागांतील काम मोठ्या प्रमाणावर हंगामी स्थलांतरित मजूर करतात आणि त्यांच्या शोषणाची प्रकरणे अलीकडच्या वर्षांत तपासयंत्रणांसमोर आली आहेत. न थांबू शकणारा माणूस टेकडीवरून नाहीसा झालेला नाही, तो बदलला आहे.

या विवेचनातून निघणारा निष्कर्ष असा की, बारोलोचे जुनेपण हे निसर्गदत्त असले तरी त्याचे मोल समाजदत्त आहे. काळ सर्वांसाठी सारखाच सरतो. परंतु सरलेल्या काळाची किंमत ज्याच्याजवळ तळघर असते त्याला मिळते, आणि ज्याला संध्याकाळपूर्वी गाडी रिकामी करायची असते त्याला ती मिळत नाही. द्राक्ष, कांदा व ऊस पिकविणाऱ्या घरांतून आलेले विद्यार्थी आपल्या वर्गात बसतात. काव्हूर शिकविताना ग्रिन्झानेच्या बागा आणि आल्बाचा द्राक्षबाजार यांचाही उल्लेख झाला, तर इटलीचा इतिहास त्यांना परका वाटणार नाही. 'राजांची वाईन' या बिरुदामागे भाव पडण्याच्या भीतीने बाजारात उभा असलेला शेतकरीही होता, याची नोंद इतिहासाच्या अध्यापनात व्हावी, एवढीच अपेक्षा.