युद्धात जखमी झालेल्या मुलांवर उपचार कसे होतात?

२६ नोव्हेंबर २००८ ची रात्र. देविका रोटवान वडील आणि भावासोबत पुण्याला जाण्यासाठी सीएसटी स्टेशनवर थांबली होती. वय ९ वर्षं. दहशतवाद्यांच्या गोळीबारात एक गोळी तिच्या उजव्या पायाला लागली. तिला आधी जवळच्या सेंट जॉर्ज रुग्णालयात आणि मग जे. जे. रुग्णालयात नेण्यात आलं. पायावर अनेक शस्त्रक्रिया झाल्या. २००९ मध्ये तिने कुबड्या घेऊन न्यायालयात कसाबला ओळखलं.

त्या रात्री मुंबईत मोठी रुग्णालयं जवळ होती आणि सुरूही होती. गाझा, सुदान किंवा युक्रेनमधल्या अनेक जखमी मुलांना नेमकं हेच मिळत नाही.

मुलांच्या बाबतीत वेगळं काय असतं?

मुख्य फरक रक्ताचा. मुलांच्या शरीरात दर किलो वजनामागे साधारण ८० मिलिलिटर रक्त असतं. म्हणजे १० किलोच्या बाळात जेमतेम ८०० मिलिलिटर. त्यातलं पेलाभर गेलं, तरी पाव भाग संपतो. शिवाय रक्तस्राव होत असतानाही मुलांचा रक्तदाब बराच वेळ ठीक दिसतो आणि मग एकदम कोसळतो. त्यामुळे डॉक्टर नाडीचा वेग आणि हातापायांचा गारवा आधी तपासतात. मुलांचं अंगही लवकर थंड पडतं आणि थंड शरीरात रक्त नीट गोठत नाही.

पहिल्या काही मिनिटांत काय करतात?

आधी रक्त थांबवतात. जखम दाबून धरतात, हातापायातून जोरात रक्त वाहत असेल तर जखमेच्या वर पट्टा घट्ट आवळतात. मग श्वास मोकळा करून अंग गरम ठेवतात. शीर सापडली नाही तर नडगीच्या हाडात सुई घालून रक्त किंवा सलाईन देतात. औषधं वजनानुसार लागतात, पण वजन करायला वेळ नसतो. अशा वेळी मुलाच्या उंचीवरून वजनाचा अंदाज देणारी खास पट्टी वापरतात.

उपचार किती काळ चालतात?

अनेकदा मूल मोठं होईपर्यंत. पाय कापावा लागला तरी उरलेलं हाड वाढत राहतं, म्हणून पुन्हा शस्त्रक्रिया कराव्या लागतात. कृत्रिम पायही उंचीप्रमाणे वारंवार बदलावा लागतो. युद्धामुळे घर सोडावं लागलेल्या कुटुंबाला हे जमवणं फार कठीण जातं.

रुग्णालयांना संरक्षण नसतं का?

असतं. १९४९ च्या जिनिव्हा करारांनी रुग्णालयांना संरक्षण दिलं आहे. २०१६ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने ठराव २२८६ करून रुग्णालयांवरच्या हल्ल्यांचा निषेध केला. तरीही हल्ले थांबलेले नाहीत. रुग्णालय बंद पडलं की, वाचू शकणारं मूलही वाचत नाही.

आपल्याला काय करता येईल?

कांदिवलीत एखादं मूल गंभीर जखमी झालं, तर १०८ ला फोन करता येतो, शताब्दी रुग्णालय गाठता येतं. पण पहिली काही मिनिटं आपल्याच हातात असतात. स्वच्छ कापड ठेवून जखम जोरात दाबा. कापड भिजलं तर ते न काढता त्यावर दुसरं ठेवा. आत घुसलेली वस्तू उपसू नका. अंगावर पांघरूण घाला आणि मदत येईपर्यंत हात सोडू नका.