चिनी निसर्गकाव्यातील बालभाव

अभिजात चिनी निसर्गकाव्याचे दोन प्रमुख प्रवाह मानले जातात : एक पर्वत व जल यांचे काव्य आणि दुसरा शेत व बाग यांचे काव्य. पहिल्याचा प्रवर्तक श्ये लिंगयुन (३८५–४३३) व दुसऱ्याचा ताव युआनमिंग (सु. ३६५–४२७) समजला जातो. पर्वतकाव्यातील मनुष्य बहुधा एकाकी असतो. मूल दिसलेच, तर ते एखाद्या तपस्व्याचा सेवक म्हणून. घर, अंगण, तळे आणि शेत यांच्या काव्यात मात्र बालक वारंवार आढळते. या काव्यातील निरागसता हे बालकाचे वर्णन जितके आहे, तितकेच ते लिहिणाऱ्या प्रौढाचे आत्मपरीक्षणही आहे.

तात्त्विक पार्श्वभूमी : लाओत्सेच्या नावावर असलेल्या ताओ ते चिंग या ग्रंथात तान्ह्या मुलाची प्रतिमा अनेकदा येते. कोवळ्या हाडांचे हे अर्भक मुठीने घट्ट पकडते; त्याची शक्ती प्रयत्नातून आलेली नसते, असे तेथे सुचविले आहे. कन्फ्यूशसच्या परंपरेतील मेन्सियस यानेही थोर पुरुष बालहृदय गमावत नाही, असे मत मांडले. दोन्ही विचारांत बालभाव ही प्रौढाने राखावयाची वा पुन्हा मिळवावयाची अवस्था आहे. प्रत्यक्ष मुलाचे खेळणे, रुसणे किंवा उपाशी राहणे यांचा विचार तेथे नाही. तो काव्याने केला.

आरंभीचे कवी : झ्वो स (सु. २५०–३०५) याने आपल्या दोन लाडक्या मुलींवर लिहिलेली दीर्घ कविता या विषयावरील आरंभीच्या महत्त्वाच्या रचनांपैकी आहे. त्या बागेत धावतात व कच्ची फळे तोडतात. कवी त्यांना आदर्श न मानता कौतुकाने न्याहाळतो. ताव युआनमिंगने ४०५ मध्ये फंगझ येथील दंडाधिकाऱ्याचे पद सुमारे ऐंशी दिवसांत सोडले. घरी परतण्याच्या त्याच्या प्रसिद्ध रचनेत लहानगे मूल दाराशी वाट पाहत असते. शासकीय जीवन हे त्याला जाळे वाटले आणि शेताकडे परतणे म्हणजे आपल्या मूळ स्वभावाकडे परतणे ठरले. तथापि आपल्या पाच मुलांवरील कवितेत तो त्यांना कागद व कुंचला आवडत नाही, अशी तक्रार करतो. नऊ वर्षांच्या घरात आलेला एक मुलगा तर नासपती व चेस्टनट एवढेच शोधत असतो. पद सोडलेला पिता मुलांच्या अध्ययनाची चिंता मात्र सोडू शकला नाही. दू फूला यात तावची आसक्ती दिसली. सुंग काळातील ह्वांग थिंगज्येन (१०४५–११०५) याने मात्र ही कविता विनोदी मानली.

तांग काळ (६१८–९०७) : ली बाय (७०१–७६२) याच्या एका कवितेत लहान मूल चंद्राला पांढऱ्या जेडची तबकडी समजते. बाय ज्यूयी (७७२–८४६) याच्या छोट्या कवितेतील मूल होडी वल्हवीत तळ्यातील पांढरी कमळे चोरते. पण शेवाळासारख्या तरंगत्या वनस्पतींत उमटलेली होडीची वाट लपविणे त्याला सुचत नाही. अपराधाचा माग मिटविण्याची बुद्धी नसणे, हीच येथील निरागसता होय.

या कल्पनेची कठोर परीक्षा दू फू (७१२–७७०) याच्या काव्यात होते. ७५५ च्या हिवाळ्यात तो राजधानीहून फंगश्येन येथे कुटुंबाकडे गेला, तेव्हा त्याचे लहान मूल उपासमारीने दगावले होते. पीक हाती आलेले असताना हे घडावे, याची त्याला लाज वाटली. कर व लष्करभरती यांतून सूट असलेल्या आपली ही स्थिती, तर भूमिहीनांची काय असेल, असा विचार त्याने मांडला. पुढे छंगदू येथील नदीकाठच्या निवाऱ्यात त्याचा मुलगा सुई वाकवून मासे धरण्याचा गळ करतो. पण वाऱ्याने उडालेले छपराचे गवत पळवून नेणाऱ्या गावच्या पोरांना तोच कवी चोर म्हणतो. त्याच्या काव्यात बालपण निसर्गाइतकेच अन्न व निवारा यांवरही अवलंबून आहे.

सुंग काळ (९६०–१२७९) : या काळात निरीक्षण अधिक सूक्ष्म झाले. यांग वानली (११२७–१२०६) याने पूर्वसूरींच्या अनुकरणातून लिहिलेल्या आपल्या हजारावर कविता ११६२ मध्ये जाळल्या आणि पुढे प्रत्यक्ष अनुभवाला प्राधान्य दिले. पिवळ्या फुलांच्या शेतात पिवळे फुलपाखरू हरवून बसलेले मूल, घंटेसारखी वाजविताना बर्फाची चकती फोडणारे मूल ही त्याची लक्षणीय चित्रे आहेत. शिन छीजी (११४०–१२०७) याच्या ग्रामचित्रात थोरला मुलगा शेत खुरपतो, मधला कोंबड्यांचे खुराडे विणतो आणि धाकटा ओढ्याकाठी लोळत कमळाचे बोंड सोलतो. फान छंगदा (११२६–११९३) याच्या ११८६ मधील साठ कवितांच्या मालिकेत शेतकाम न येणारी मुले तुतीच्या सावलीत वेलवर्गी फळे लावण्याचा खेळ शिकतात. याच मालिकेत तळ्याच्या पाण्यावरही सारा आकारल्याचा उल्लेख आहे. खेळणाऱ्या मुलांचे भवितव्य त्यामुळे वाचकाच्या लक्षात येते.

उत्तरकाळ व मूल्यमापन : मिंग काळातील ली झ (१५२७–१६०२) याने बालहृदयावरील निबंधात ग्रंथातील तत्त्वे आत शिरताच बालहृदय नष्ट होते आणि त्यावाचून खरे साहित्य संभवत नाही, असे प्रतिपादन केले. प्रस्थापित मतांवरील टीकेमुळे त्याला अटक झाली व तुरुंगात त्याने आत्महत्या केली. काव्यातील सौम्य बालभाव अशा रीतीने बंडखोर साहित्यविचाराचा आधार बनला.

या काव्याच्या मर्यादाही स्पष्ट आहेत. ते बहुतांशी अधिकारीवर्गाने लिहिलेले आहे. मुलींना त्यात अल्प स्थान आहे, आणि गुराखी मुलाचे कष्ट दुरूनच पाहिलेले असतात. तरीही झ्वो स, दू फू व फान छंगदा यांनी मुलाला केवळ प्रतीक राहू दिले नाही. निरागसतेइतकीच तिला आधार देणारी परिस्थितीही त्यांनी नोंदविली, हे या काव्यपरंपरेचे मोठे वैशिष्ट्य होय.